शेजाऱ्याला विचारू

मित्रांनो, जन्मभर मी बोलत आलो, पण स्वतःच्या मनातले एक अक्षरही मला कधी बोलता आले नाही. आतून जे येईल ते बाहेर टाकायचे, एवढेच माझे काम. कुणी गायले की मी गायचे, कुणी खोकले की मी खोकायचे. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर माझेही थोडे सांगून घेतो. मी एक जुना स्पीकर आहे. जाड शब्दकोशाएवढा, चौकोनी, एका कोपऱ्यात टवका उडालेला. एका स्टुडिओत टेबलाच्या मधोमध माझी जागा आहे. माझ्या दोन्ही बाजूंना दोन थोरले स्पीकर आहेत. ते उंच, काळेभोर आणि जरा शिष्ट आहेत. त्यांच्यातून जाड आवाज निघाला की टेबलावरची पेन्सिल नाचू लागते. तोच आवाज माझ्यातून निघाला की डबा बडवल्यासारखा वाटतो. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझा आवाज कागदाच्या एका शंकूतून निघतो. तो कागद एका बाईंनी हाताने चिकटवला. त्या शेजारणीला सासूच्या तक्रारी सांगत होत्या आणि बोटे आपले काम करत होती. सासूबाई कशाही असोत, माझा कागद आजतागायत सुटलेला नाही.

पहिली नोकरी मला दवाखान्यात मिळाली. डॉक्टर आतून बटण दाबून म्हणायचे, "पुढचे या," आणि मी ते बाहेर बाकांवर बसलेल्यांना सांगायचो. दिवसभर तेच. कधी डॉक्टर बटण सोडायला विसरत. मग आतल्या माणसाचे दुखणे बाहेर सगळ्यांना कळे, आणि बोलणी मात्र मला बसत. एक दिवस तिथे एक गृहस्थ तापाने फणफणून आले. बायकोच्या खांद्यावर डोके टेकून ते बसले होते. मी "पुढचे या" म्हणालो आणि त्यांनी डोळे उघडले.

"अगं, डॉक्टरांना सर्दी झालीय," ते म्हणाले.

"तुमच्या अंगात ताप आहे. गप्प बसा," बायको म्हणाली.

आत गेल्यावर कळले की डॉक्टरांना खरेच सर्दी झाली होती. त्या गृहस्थांचा नुकताच स्टुडिओ निघाला होता. ताप उतरल्यावर ते पुन्हा आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हा काही लपवत नाही," आणि त्यांनी डॉक्टरांकडे मला मागून घेतले. डॉक्टरही मला कंटाळलेच होते. त्यांनी बाकांसमोर एक घंटी बसवली आणि मी स्टुडिओत राहायला आलो.

या गृहस्थांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत माईक, दुसरीत आम्ही, आणि मध्ये जाड काच. भिंतींना आवाज शोषणारा जाड लोकरी नमदा लावलेला, दार इतके जड की नव्या माणसाला वाटे कुलूप आहे. काकांनी पहिल्याच दिवशी माझे नाव ठेवले, शेजारी. काम संपत आले की ते थोरल्यांचे बटण बंद करत आणि म्हणत, "यांच्यावर सगळंच गोड लागतं. चला, शेजाऱ्याला विचारू." कारण लोक गाणी ऐकतात ती स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, दुकानात फळीवर ठेवलेल्या डब्यावर, चालत्या गाडीत. माझ्यावर जे नीट कळेल, ते सगळीकडे कळेल. मी बोलू लागलो की काका बाहेर बोळात जात, दार अर्धे उघडे ठेवत, आणि पाठ करून उभे राहत. तिथून प्रत्येक शब्द कळला तरच ते काम बाहेर जाई.

त्यांच्या कामाच्या तऱ्हाच निराळ्या. रेकॉर्डिंग संपले की ते सगळ्यांना जागच्या जागी बसवून नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करत. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन वाक्यांमध्ये थोडी जागा भरायची असेल तर तिथे त्याच खोलीची शांतता लागते, नाहीतर ऐकणारा दचकतो. एकदा एका भारदस्त गायकाचे पोट नेमके त्याच वेळी गुरगुरले. साथीदारांच्या डोळ्यांत पाणी आले हसू दाबून. काका हसले नाहीत. "पुन्हा," एवढेच म्हणाले. पोट पुन्हा गुरगुरले. शेवटी काकूंनी घरून गायकासाठी डबा आणला, तो जेवला, आणि मग शांतता मिळाली.

काकांच्या मेहुण्याने एकदा भारी हेडफोन विकत घेतले आणि लगोलग कार्डही छापून आणले. त्यावर लिहिले होते, व्यावसायिक ऑडिओ इंजिनिअर. काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "मी तवा घेतला तेव्हा मला कुणी आचारी म्हणालं नाही."

"तवा मी घेतला होता," काकू म्हणाल्या.

मेहुणा चिडला. "मग भावोजी, इंजिनिअर म्हणायचं तरी कुणाला?"

काकांनी कानाच्या पाळीला बोट लावले. "ज्याला हा आहे त्याला. यंत्र बाजारात मिळतं. कान मिळत नाही."

मलाही ते अगदी पटले होते. गावभर काकांच्या कानाचे नाव होते. तंबोऱ्याची एक तार केसभर उतरलेली त्यांना काचेपलीकडून कळायची. लोक दुरून त्यांच्याकडे यायचे, आणि परत जाताना माझ्या डोक्यावरही एखादी थाप मारून जायचे. मित्रांनो, थापेचे कौतुक लहान नसते. थोरल्यांना कुणी थोपटत नाही, त्यांच्यावर बोटांचे ठसे उमटतात.

मग काकांच्या भावाची मुलगी कामाला आली. तिचे शिक्षण याच विषयातले होते. घरात तिला ठकू म्हणत, आणि एवढी मोठी झाली तरी काका ग्राहकांसमोरही तिला ठकूच म्हणत. ती बिचारी ओठ दाबून ऐकून घेई. मला ती आल्या दिवशीच आवडली, कारण तिने माईकची केबल कोपराला गुंडाळली नाही. केबलला स्वतःचा पीळ असतो. त्या पिळाप्रमाणे एकेक वेढा सोडत ती गुंडाळायची असते, नाहीतर ती आतून तुटते. ठकूच्या हातात केबल कशी निवांत व्हायची. काकांनी ते पाहिले, आणि काही बोलले नाहीत. न बोलणे ही त्यांची शाबासकी असे.

हळूहळू ठकू सगळेच करू लागली. माईक लावणे, रेकॉर्डिंग, चुका काढणे, आवाज जुळवणे. फक्त शेवटचा हात काकांचा. ती उठायची, काका खुर्चीवर बसायचे, दोनचार बटणे इकडची तिकडे करायचे, आणि मगच ते काम स्टुडिओबाहेर पडायचे. तो नियमच होता, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नव्हते.

पुढे माझ्या कागदाला त्रास होऊ लागला. आम्हा स्पीकरांना कान नसतात, पण जे बोलायला लावतात ते आमच्या अंगातून जाते. 'स' आला, 'श' आला की माझा कागद चरचरायचा. शेवटचा हात फिरवताना काका बारीक, टोकदार आवाजांचे बटण वर चढवत होते. "धुरकट वाटतंय," ते म्हणत. पुढच्या कामाला अजून थोडे वर. आवाज धुरकट नव्हता. काकांचे कानच वयाप्रमाणे वरचे बारीक आवाज सोडू लागले होते. डोळ्यांना चाळिशी लागते तसेच हे, पण डोळ्यांचे माणसाला लवकर कळते. अक्षर पुसट दिसते, तो चष्मा करतो. जो आवाज ऐकूच येत नाही, तो ऐकू येत नाही हे समजणार कसे?

मला समजले होते. मी सांगणार कसा? मला स्वतःचा आवाज असता तर मी काकांना हाक मारली असती. माझे नाव शेजारी, पण शेजाऱ्यासारखे दारात जाऊन दोन शब्द सांगणे माझ्या नशिबी नव्हते. त्या दिवसांत मला माझी फार चीड यायची.

त्याच सुमारास एक मोठे काम चालू होते. दृष्टी नसलेल्या मुलांच्या शाळेसाठी गोष्टींची पुस्तके रेकॉर्ड करायची होती. वाचायला एक निवृत्त शिक्षिका येत. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांच्या आवाजाला धार होती, शिस्त होती, आणि विनोदी जागा आली की त्या स्वतः न हसता अशा वाचत की काचेपलीकडे ठकू टेबलाखाली तोंड लपवी. शाळेचे ग्रंथपाल सर स्वतःही दृष्टिहीन होते. दर आठवड्याला नवी प्रकरणे त्यांच्याकडे जात. एक दिवस काका जेवायला घरी गेले असताना सरांचा फोन आला, आणि तो ठकूने माझ्यावर लावला.

"जरा अवघड बोलायचंय," सर म्हणाले. "मुलं पुस्तक अर्ध्यात सोडतायत. गोष्ट आवडते म्हणतात, पण डोकं दुखतं. माझंही दुखतं. 'स' आला की सुई टोचल्यासारखं होतं. असंच राहिलं तर मला हे काम दुसरीकडे द्यावं लागेल हो. मुलांसाठी."

ठकू "बघते सर" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिला कारण ठाऊक होते. तिने काकांची प्रकरणे उघडली, टोकदार आवाज खाली आणले, माझ्यावर ऐकले. माझा कागद शांत झाला. काका जेवून, डुलकी काढून परत यायच्या आत तिने ती प्रकरणे शाळेत पाठवून दिली. काकांना काही सांगितले नाही.

त्यानंतर तो रोजचा शिरस्ता झाला. सकाळी काका शेवटचा हात फिरवत, दुपारी ठकू तो हळूच पुसून टाकी. मुले पुस्तके पूर्ण ऐकू लागली. शाळेकडून शाबासकी आली आणि ती काकांना मिळाली.

"ऐकलंस का ठकू?" काका म्हणाले. "कान लागतो."

"हो काका," ती म्हणाली, आणि केबल गुंडाळायला आत गेली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने केबलला गाठ मारून ठेवली.

मित्रांनो, तिचा जीव काकांवर होता. त्यांचे मन दुखू नये म्हणून ती हे करत होती. तरीही माझ्यातून रोज दोनदा तेच प्रकरण वाजे, एकदा सकाळी आणि एकदा लपून, आणि मला ते काही केल्या बरे वाटत नसे.

एके दिवशी ग्रंथपाल सर आभार मानायला स्वतः आले. पांढरी काठी दाराशी टेकवून खुर्चीवर बसले. "हल्लीची प्रकरणं फार सुंदर झालीत," ते म्हणाले. "हे मुलांचं सगळ्यात आवडतं." आणि त्यांनी सोबत आणलेले प्रकरण लावायला दिले. काकांनी खुशीत ते माझ्यावर लावले. दोन वाक्ये झाली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे मी पाठवलेलं नाही," ते म्हणाले. "हे तर तोंडावर चादर घेऊन वाचल्यासारखं आहे. कॉपी बिघडलेली दिसते. थांबा, माझं ऐकवतो."

ठकू उठून उभी राहिली. "काका, राहू दे ना."

पण काकांनी आपले प्रकरण लावले होते. माझा कागद चरचरला. सरांनी पटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी बटण बंद केले. खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत सरांनी मान जराशी वळवली.

"तुमचं घड्याळ वाजतंय," ते म्हणाले.

गोळीची वेळ चुकू नये म्हणून काकूंनी काकांना गजराचे मनगटी घड्याळ घेऊन दिले होते. "हे?" काका म्हणाले. "हे घेतल्यापासून मुकंच आहे. बदलून आणायचंय."

"मुकं कसलं? मघापासून ओरडतंय ते."

काकांनी घड्याळ कानाला लावले. मग दुसऱ्या कानाला लावले. मग ठकूकडे पाहिले. ती खाली बघत होती. ती पुढे आली आणि त्यांच्या मनगटावरचे ते बारीक बटण तिने दाबले. घड्याळ थांबले. काकांसाठी काहीच बदलले नाही.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"हो."

"आणि ही प्रकरणं तू दुरुस्त करत होतीस."

"हो काका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

सरांना आता सारे उमगले होते. ते काठी चाचपत उठले आणि दाराशी थांबले. "मला दिसत नाही हे मी सगळ्यांना सांगत फिरतो," ते म्हणाले. "म्हणून मला कुणी खड्ड्यात पडू देत नाही. तुमचं तुम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलंय, तर आमचं पुस्तक टाकू नका."

काकांनी मला बंद केले, माझ्यावर फडके टाकले आणि ते घरी निघून गेले. जाताना एवढेच म्हणाले, "ज्याला ऐकू येत नाही तो कसला इंजिनिअर?"

नंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. फडक्याखाली धूळ कमी बसते, पण अंधार फार असतो. ठकू येऊन दार उघडी, खुर्चीवर न बसता बाजूच्या स्टुलावर बसे, आणि दार लावून जाई. बाईंनी वाचलेली नवी प्रकरणे तशीच पडून होती. शेवटचा हात तिला सहज फिरवता आला असता. तिने तो फिरवला नाही. शाळेतून मुलांचे निरोप येत होते, पुढे काय झाले ते सांगा म्हणून.

एका सकाळी जड दार उघडले आणि काकूंचा आवाज आला. "कान तपासायला गेले होते की त्यांची खोली तपासायला, देव जाणे. डॉक्टरांना म्हणतात, तुमच्या पंख्याची घरघर आधी बंद करा."

"होतीच घरघर," काका म्हणाले. त्यांनी माझ्यावरचे फडके काढले. चेहरा थोडा उतरला होता, पण दाढी नीट केलेली होती. ते ठकूच्या समोर बसले.

"वरचे आवाज गेले. परत येणार नाहीत. खालचे, मधले शाबूत आहेत," ते म्हणाले. "मला तुझा राग आला होता, ठकू. अजूनही थोडा आहे. गवय्या बेसूर झाला तर आपण त्याला सांगतो. त्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसत नाही. मग माझं का झाकलंस?"

"तुम्ही काका आहात माझे."

"इथं खुर्चीवर बसलो की नसतो."

ठकू रडू लागली. काकूंनी तिला जवळ घेतले आणि काकांना डोळ्यांनी दटावले. काका खाकरले. "चूक माझीही आहे," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "दुसऱ्यांचे कान तपासत बसलो, स्वतःचे कधी तपासले नाहीत. बस इथं. वरचं तू सांग, बाकीचं मी बघतो. आणि चुकलो तर तोंडावर सांगायचं."

ठकू डोळे पुसून खुर्चीवर बसली, काका स्टुलावर. पहिलेच पान लागले आणि ती म्हणाली, "काका, बटणाला हात लावू नका. बरोबर आहे ते." काकांनी हात मागे घेतला. मला वाटले, आता फडके पुन्हा येते की काय. पण थोड्या वेळाने काका एकदम म्हणाले, "थांब. बाई दमल्यात इथं. शब्द बरोबर आहेत, पण गोष्टीतली आई हसतेय आणि बाईंचा आवाज खुर्चीवर टेकलाय. हे पान पुन्हा वाचायला लागेल." ठकूने तीनदा ऐकले. तिच्या कानातून ते सुटले होते. ती हसली, आणि किती दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसले.

पान पुन्हा वाचायला बाईंना बोलवावे लागले. बाईंना असे बोलावणे आवडत नसे. त्यांचा विश्वास एकट्या काकांच्या कानावर, आणि तो कान गेल्याचे कळल्यावर त्या राहतील की जातील, सांगता येत नव्हते. ठकूने खुणेने काकांना सुचवले की ते सगळे आत्ताच सांगायला नको. काकांनी तिकडे पाहिलेच नाही.

"बाई, आधी एक सांगतो," ते म्हणाले. "मला वरचे बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत. ते हिला ऐकू येतात. तुम्ही त्या पानावर दमला होतात, ते मला कळलं. हिला कळलं नाही."

बाईंनी चष्म्यावरून दोघांना नीट न्याहाळले. वर्गात उशिरा आलेल्या मुलांकडे बघावे तसे.

"मग मी इथला इंजिनिअर कोण समजायचा? तुम्ही की ही?"

एरवी काका कानाला बोट लावत, आज त्यांनी ते केले नाही.

"ज्याला आपल्याला काय ऐकू येत नाही ते माहीत आहे, आणि ते तुम्हाला सांगायची हिंमत आहे, तो," ते म्हणाले. "आज आम्ही दोघंही आहोत. उद्याचं उद्या सिद्ध करावं लागेल."

बाईंनी पर्स खाली ठेवली, पाणी मागितले, आणि काचेपलीकडे जाऊन माईकसमोर बसल्या. ते पान त्यांनी असे वाचले की गोष्टीतली आई माझ्या फाटक्या आवाजातसुद्धा खळखळून हसली.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. कागद पिवळा पडला आहे, आणि एक दिवस मीही चरचरू लागेन. तसे झाले तर मला तोंडावर सांगावे, एवढीच माझी इच्छा आहे. तुमच्याही घरी कुणीतरी असेल, जे हल्ली आवाज मोठा करून ऐकते, प्रश्न दोनदा विचारते, दारावरची टकटक ऐकत नाही आणि घंटी बिघडली म्हणते. त्यांच्यावर माया असेल, तर त्यांच्या पाठीमागे हळूच बटण फिरवू नका. समोर बसा, त्यांचा हात हातात घ्या आणि सांगा.